विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी गेमिंग संगणक: सुटे भाग आणि कूलिंग कसे निवडावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोल्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत ठेवण्यासाठी गेमिंगचा संगणक जुळवायचा आहे. मॉनिटर १४४०पी (उभ्या दिशेने १४४० बिंदू) आणि १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) असून तो आधीच घेतलेला आहे. बाकी सगळ्यासाठी दीड लाख रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. खोलीत एसी नाही, खिडकीला पाण्याचा कूलर आहे. दुकानदाराने इंटेलचा कोअर आय-९ प्रोसेसर, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर आणि समोरून व बाजूने काच असलेले कॅबिनेट सुचवले आहे. हे घ्यावे का, आणि मे महिन्यात ते टिकेल का, असे तुम्ही विचारले आहे.

विदर्भात संगणक जुळवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि त्या आधारावर माझे मत स्पष्ट आहे: ही जुळणी घेऊ नये. त्यातला कोणताही भाग वाईट आहे म्हणून नव्हे, तर तिचा विचार उलट्या टोकाकडून झाला आहे म्हणून. आधी भरपूर उष्णता निर्माण करणारे भाग निवडायचे आणि मग ती उष्णता आवरण्यासाठी महागडा कूलर घ्यायचा, हा क्रम वातानुकूलित खोलीत चालून जातो. आपल्याकडे आधी खोलीचे तापमान पाहावे, मग किती वॅट उष्णता त्या खोलीत सोडणे परवडेल ते ठरवावे, त्यात बसणारे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर निवडावेत आणि कूलरचा विचार सर्वांत शेवटी करावा.

याचे कारण साधे आहे. प्रोसेसरवरचा कोणताही कूलर, पंख्याचा असो वा लिक्विड, संगणकाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त प्रोसेसरची उष्णता धातूच्या पात्यांपर्यंत किंवा रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथून ती खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक एक ठरावीक फरक, आणि हा फरक प्रोसेसर किती वॅट घेतो व कूलर ते किती सहज बाहेर टाकतो यावर अवलंबून असतो. यूट्यूबवर आणि परदेशी संकेतस्थळांवर दिसणाऱ्या बहुतेक चाचण्या २१ ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. तिथे एखादा प्रोसेसर ७० अंशांवर दिसला, तर ४१ अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर, तोच कूलर आणि पंख्याचा तोच वेग असताना ८६ ते ९० अंशांपर्यंत जाईल. म्हणून कोणतीही चाचणी पाहताना त्या खोलीचे तापमान आधी शोधावे आणि आपल्या खोलीशी असलेला फरक सरळ त्यात मिळवावा. ग्राफिक्स कार्डालाही हाच हिशेब लागू पडतो.

आता तुमच्या खोलीबद्दल. मे महिन्यात, विशेषतः नवतप्याच्या, म्हणजे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, स्लॅब दिवसभर तापते आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहते. रात्री दहा वाजता, म्हणजे नेमके खेळायला बसण्याच्या वेळी, वरच्या मजल्यावरची खोली ३६ ते ३८ अंशांवर असणे नेहमीचेच आहे. पाण्याचा कूलर कोरड्या हवेत उत्तम काम करतो आणि बाहेरची ४३ अंशांची हवा ३० अंशांच्या जवळपास आणून सोडतो. परंतु जूनमध्ये हवेत ओल आली की त्याचा उपयोग घटतो, आणि वीज गेली की तो बंदच पडतो. म्हणून हिशेब ४० अंशांच्या खोलीचा करावा. त्याहून बरी परिस्थिती मिळाली तर ती जमेची बाजू.

दुकानदाराने सुचवलेल्या वर्गातल्या आय-९ १४९००के प्रोसेसरची कमाल वीजमर्यादा २५३ वॅट आहे. खेळताना तो सतत इतकी वीज घेत नाही, पण शेडर (खेळातली दृश्ये रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना सहज त्या मर्यादेला भिडतो. शिवाय इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या श्रेणीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे २०२४ साली कंपनीनेच मान्य केले, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. सुधारित बायोससह (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरसह) तो प्रोसेसर वापरता येतो. तरीही केवळ खेळण्यासाठी, एसी नसलेल्या खोलीत, तो निवडण्याचे एकही कारण मला दिसत नाही.

तुमच्या गरजेला एएमडीचा रायझन ५ ७६०० पुरेसा आहे. सहा कोअर, ६५ वॅट टीडीपी (कंपनीने सांगितलेले उष्णतेचे माप) आणि प्रत्यक्षात ८८ वॅटची वीजमर्यादा असलेला हा प्रोसेसर १४४०पीवर बहुतेक खेळांत ग्राफिक्स कार्डाच्या मागे पडत नाही. स्पर्धात्मक खेळांत, जिथे कमी तपशिलावर सेकंदाला २०० आणि त्याहून अधिक फ्रेम (चित्रे) हव्या असतात, तिथे रायझन ७ ७८००एक्स३डी निश्चितच पुढे आहे, कारण त्यात ९६ मेगाबाइट एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे. मात्र त्याची ही जादा कॅश कोअरच्या वर रचलेली असल्याने उष्णतेच्या वाटेत आणखी एक थर येतो आणि त्याची तापमानमर्यादा ८९ अंश ठेवलेली आहे. ७६००ची ९५ आहे. तरी तो खेळताना इतकी कमी वीज घेतो की एका चांगल्या टॉवर कूलरवर (धातूच्या पात्यांचा मनोरा आणि त्यावर पंखा) उन्हाळा काढतो. पुढे कधी पैसे जमले तर हा प्रोसेसर त्याच एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डवर बसवता येईल, म्हणून आज ७६०० घेऊन उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्डाकडे वळवणे मला अधिक योग्य वाटते.

ग्राफिक्स कार्डावर एकूण रकमेचा जवळजवळ निम्मा भाग जाऊ द्यावा. खेळाचा अनुभव तिथेच ठरतो आणि संगणकातली सर्वाधिक उष्णताही तिथेच तयार होते. या रकमेत आज एएमडीचे आरएक्स ९०७० आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०७० ही दोन कार्डे प्रामुख्याने विचारात घेण्यासारखी आहेत. ९०७०ला २२० वॅट लागतात आणि त्यात १६ गिगाबाइट मेमरी आहे. ५०७०ला २५० वॅट लागतात आणि मेमरी १२ गिगाबाइट आहे. व्हिडिओ संपादन किंवा ब्लेंडरमधल्या थ्रीडी चित्रांसारखी कामे नियमित करायची असतील तर एनव्हिडियाकडे जावे. केवळ खेळायचे असेल तर मी ९०७० घेईन. दुकानात तुम्हाला थोडे पैसे वाढवून ९०७० एक्सटी घेण्याचा आग्रह होईल. ते कार्ड ३०४ वॅटचे आहे. म्हणजे सुमारे दहा-पंधरा टक्के जादा वेगासाठी ८४ वॅट जादा उष्णता, आणि तीही ४० अंशांच्या खोलीत. एसीच्या खोलीत मी हा सौदा मान्य केला असता, तुमच्या खोलीत करणार नाही. कार्ड कोणत्याही कंपनीचे घ्या, पण तीन पंख्यांचे, जाड हीटसिंकचे मॉडेल घ्या. एकाच चिपच्या स्वस्त दोन-पंखी आणि भारी तीन-पंखी मॉडेलमध्ये वेगाचा फरक नगण्य असतो. तापमानाचा, आवाजाचा आणि विशेषतः कार्डावरच्या मेमरी चिपच्या तापमानाचा फरक मात्र उन्हाळ्यात ठळकपणे जाणवतो.

या निवडीनंतर उष्णतेचा हिशेब पाहू. कार्डाचे २२०, खेळताना प्रोसेसरचे साधारण ६०-७० आणि बाकी भागांचे ५० मिळून ३३५ वॅटच्या आसपास आकडा येतो. हे सगळे वॅट शेवटी उष्णता बनून खोलीत येतात, आणि त्याआधी ते कॅबिनेटमधून बाहेर पडावे लागतात. कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा वाहत असेल, तर ३३५ वॅटमुळे ती हवा बाहेर पडेपर्यंत साडेबारा अंशांनी तापते. प्रवाह १०० घनफूट केला तर वाढ सव्वासहा अंशांवर येते. हवेची घनता आणि उष्णताधारकता मांडून हे कोणालाही पडताळता येईल. म्हणजे समोरची काच काढून तिथे जाळी आणली आणि हवेचा प्रवाह दुप्पट झाला, तर आतून बाहेर जाणारी हवा सहा अंशांनी थंड होते आणि त्याचा लाभ ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी या सगळ्यांना एकाच वेळी मिळतो. ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर मुख्यतः प्रोसेसरची सोय पाहतो, आणि या संगणकात प्रोसेसर हा उष्णतेचा लहान वाटेकरी आहे. म्हणून पैसे कूलरवर खर्च करण्याआधी कॅबिनेटवर करावेत, असे मी आग्रहाने सांगतो.

कॅबिनेटची समोरची बाजू पूर्ण जाळीची हवी. जाळीमागे किंवा जाळीलाच धूळ अडवणारा, सहज काढून धुता येणारा फिल्टर हवा. समोर हवा आत घेणारे तीन पंखे (१४० मिलिमीटरचे असल्यास दोन चालतील), मागे बाहेर फेकणारा एक आणि वर मागच्या बाजूला आणखी एक, ही मांडणी मी सर्वसाधारणपणे करतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक असली की फटींमधून बाहेरची धूळ ओढली जात नाही, ती फिल्टरवरच अडकते. अकोल्याच्या परिसरात, विशेषतः जवळ जिनिंग (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) असेल तर, कापसाचे बारीक तंतू फिल्टरवर थरासारखे बसतात, त्यामुळे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तो पंधरवड्यातून एकदा धुवावा लागतो. पंख्यांच्या खोक्यावर लिहिलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, फिल्टर आणि जाळीमागे तो बराच घटतो. म्हणून एक-दोन पंखे जादा असणे हा अपव्यय नाही.

आता लिक्विड कूलरबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न त्यावर होता. रायझन ७००० मालिकेत कोअर असलेला चिपचा तुकडा सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या नखाहूनही लहान आहे, आणि त्यावर जाड धातूचे आवरण आहे. उष्णता त्या लहानशा जागेतून बाहेर निघण्यातच अडते. पुढे रेडिएटर कितीही मोठा लावला तरी ही पहिली अडचण दूर होत नाही. ८८ वॅटच्या प्रोसेसरवर ३६०चा रेडिएटर आणि सहा उष्णतानळ्यांचा दुहेरी टॉवर यांच्यातला फरक म्हणूनच काही अंशांपुरताच राहतो. शिवाय लिक्विड कूलरच्या छोट्या चाचण्या फसव्या असतात: आतल्या द्रवाला पूर्ण तापायला वीस-तीस मिनिटे लागतात, त्यामुळे दहा मिनिटांच्या चाचणीत तो आहे त्याहून श्रेष्ठ दिसतो.

दुसरा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. टॉवर कूलरचा पंखा प्रोसेसरबरोबरच भोवतालच्या व्होल्टेज नियंत्रक भागांवर आणि रॅमवरही थोडी हवा फिरवतो. लिक्विड कूलर लावला की ती जागा निवांत होते, आणि ४० अंशांच्या खोलीत स्वस्त मदरबोर्डवरचे हे भाग बरेच तापतात. तिसरा मुद्दा दुरुस्तीचा. टॉवर कूलरमध्ये बिघडण्यासारखा भाग एकच, तो म्हणजे पंखा, आणि तो काही शे रुपयांत अकोल्यातच मिळतो. लिक्विड कूलरचा पंप बंद पडला की संगणक त्याच क्षणी निरुपयोगी होतो आणि कूलर हमीखाली पाठवून परत येईपर्यंत तुम्ही थांबून राहता. नळ्यांमधून द्रव अतिशय सावकाश का होईना झिरपत असतो, त्यामुळे त्याचे आयुष्य मर्यादितच आहे. २०० वॅटच्या पुढे सतत चालणाऱ्या प्रोसेसरसाठी, किंवा उंच टॉवर मावत नाही अशा अरुंद कॅबिनेटसाठी लिक्विड कूलर जरूर घ्यावा. तेव्हा रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला, पंपापेक्षा उंचावर बसवावा, म्हणजे आतली हवा पंपात न साठता रेडिएटरच्या टोकाशी राहते.

७६०० प्रोसेसरच्या खोक्यात एक लहान कूलर येतो. तो पुण्यातल्या डिसेंबरमध्ये चालेल, अकोल्याच्या मे महिन्यात तो पूर्ण वेगाने ओरडत प्रोसेसरला मर्यादेच्या काठावर ठेवील. त्याऐवजी डीपकूल एके४००सारखा चार नळ्यांचा टॉवर पुरेसा आहे. पुढे ७८००एक्स३डी बसवायचा विचार असेल तर थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसईसारखा सहा नळ्यांचा दुहेरी टॉवर आजच घ्यावा. दोन्हींची उंची १५५ मिलिमीटर आहे, तेव्हा कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे की नाही हे आधी पाहावे. कूलरच्या तळावरचे पारदर्शक संरक्षक कागद काढायला विसरलेले संगणक माझ्याकडे दुरुस्तीला येत असतात, म्हणून जुळणी दुकानात होत असेल तर समोर उभे राहून ते पाहून घ्यावे.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा, व्होल्टेज नियंत्रकांवर खरेखुरे हीटसिंक असलेला घ्यावा. त्याहून महाग बोर्डाने खेळात काही फरक पडत नाही. रॅम डीडीआर५, ६००० वेगाची, सीएल३० (प्रतिसादाला लागणाऱ्या विलंबाचे माप), १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या अशी घ्यावी आणि बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू करावे, नाहीतर ती कमी वेगावर चालत राहते. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत. हात आखडावा लागला तर एसएसडी दोन टेराबाइटऐवजी एक टेराबाइटची घ्यावी, पण रॅमची एकच पट्टी घेऊ नये. एसएसडी चौथ्या पिढीची पुरे. पाचव्या पिढीच्या सुरुवातीच्या एसएसडी खूप तापतात आणि खेळात त्यांचा लाभ जवळजवळ दिसत नाही.

एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर) मात्र काटकसर करू नये. ८० प्लसचे गोल्ड किंवा ब्राँझ हे मानांकन २३ अंशांच्या आसपासच्या तापमानात घेतलेल्या चाचणीवरून मिळते आणि ते केवळ कार्यक्षमता सांगते. ४५ अंशांत तो किती वॅट देईल हे सांगत नाही. म्हणून माहितीपत्रकात त्याची पूर्ण क्षमता कोणत्या तापमानाला सांगितली आहे ते पाहावे. चांगले एसएमपीएस ५० अंशांना पूर्ण वॅट देण्याची हमी देतात, साधे ४० अंशांना, आणि जे काहीच लिहीत नाहीत ते घेऊ नयेत. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते, त्यामुळे १०५ अंश मानांकनाचे कपॅसिटर आपल्याकडे चैन ठरत नाहीत. तुमच्या जुळणीला एटीएक्स ३.१ मानकाचा ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस योग्य आहे. गणिताने ६५० पुरतो, परंतु आजची ग्राफिक्स कार्डे क्षणभर दुप्पट वीज ओढतात आणि कमी भारावर चालणारा एसएमपीएस थंड राहतो.

विजेबद्दलही दोन गोष्टी सांगतो, कारण उन्हाळ्यात लोडशेडिंग आणि कमी-जास्त होणारे व्होल्टेज हा कूलिंगइतकाच मोठा शत्रू आहे. घरातल्या इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि त्याचे बटण यूपीएस मोडवर असावे. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसला सहन होत नाही आणि संगणक बंद होतो. वेगळा यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीएचा पुरणार नाही, कारण तो प्रत्यक्षात ३६० वॅटचाच असतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्यावा. दुसरे म्हणजे अर्थिंग. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की जुन्या घरांतली अर्थिंग कमकुवत होते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर संगणकात दोष शोधण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावी आणि खड्ड्यात पाणी घालत राहावे.

संगणक खिडकीच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. दमट हवेने आतल्या भागांवर पाणी धरत नाही, कारण संगणक चालू असताना ते भाग हवेपेक्षा गरम असतात. धोका झोताबरोबर उडणाऱ्या बारीक थेंबांचा आहे, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार मदरबोर्डवर वाळून बसतात. कूलरची थंड हवा खोलीत पसरते अशा बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून आणि जमिनीपासून उंचावर कॅबिनेट ठेवावे. टेबलाच्या बंद कप्प्यात तर कधीच नाही. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांचे दुखणे वेगळे, तिथे खारी हवा संगणकातले धातूचे सांधे गंजवते, आणि संगणक रोज थोडा वेळ तरी चालू ठेवणे हाच तिथला मोठा उपाय आहे.

जुळणी झाल्यावर तीन गोष्टी कराव्यात आणि त्यांना एक रुपयाही लागत नाही. फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या १६५ हर्ट्झच्या थोडी खाली, १६०वर बांधावी. मॉनिटरला दाखवता न येणाऱ्या फ्रेमसाठी खोली तापवण्यात अर्थ नाही. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा दहा-पंधरा टक्के कमी करावी. वेग सहसा जेमतेम काही टक्के उतरतो. प्रोसेसरला बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी करणाऱ्या सोयीत) उणे १५ देऊन पाहावे आणि काही दिवस संगणक स्थिर राहतो का ते तपासावे. मध्येच बंद पडू लागला तर उणे १० करावे.

त्यानंतर एप्रिलच्या अखेरीस, रात्रीच्या नेहमीच्या वेळी, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये नोंद चालू ठेवून तुमचा सर्वांत जड खेळ पाऊण तास खेळा आणि सुरुवातीला व शेवटी खोलीचे तापमान साध्या थर्मामीटरने लिहून ठेवा. प्रोसेसर ८५च्या आत आणि ग्राफिक्स कार्डाचा कोअर ८०च्या आत राहिला तर मे महिन्याची चिंता नाही. आकडे वर गेले तर कॅबिनेटची बाजूची काच काढून हीच चाचणी पुन्हा घ्या. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले तर दोष हवेच्या प्रवाहाचा आहे, फिल्टर धुवा किंवा समोरचा पंखा वाढवा. काहीच उतरले नाही आणि एकटा प्रोसेसरच तापत असेल, तर कूलरचे स्क्रू आणि थर्मल पेस्ट पुन्हा पाहावी लागेल.